पाणी भरपूर पिऊनही गोळे का आले?

पत्र:

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. घरी पाच एकर कोरडवाहू वावर आहे. मागच्या मे महिन्यात यांनी आणि एका गड्यानं मिळून वावरातल्या पऱ्हाट्या उपटल्या, सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत. पाण्याची मोठी कॅन सोबत होती आणि ती पुरी रिकामी झाली, म्हणजे पाणी कमी पडलं असं नाही. तरी घरी आल्यावर पिंडऱ्यांत आणि पोटात असे गोळे आले की माणूस ओरडायला लागला. डोकं दुखलं, उलटी झाली, थोडा वेळ बोलणंही ताळ्यावर नव्हतं. गावातल्या डॉक्टरांनी दोन सलाईन लावल्या आणि रात्रीपर्यंत बरं वाटलं. तेव्हापासून यांचं पक्कं झालं आहे की ऊन लागलं की सलाईन, अशक्तपणा आला की सलाईन. पावसाळ्यात सासूबाईंना हगवण लागली, मी मीठ-साखरेचं पाणी करायला घेतलं, तर “ते लेकरांचं औषध आहे” म्हणून त्यांनाही बाटली चढवली. माझी मुलगी आठवीत आहे. ती म्हणते, “आई, हे सगळं पेशीच्या पटलाचं काम आहे, त्याला समस्थिती म्हणतात.” पण पुढे तिलाही सांगता येईना. मला नीट समजावून सांगा, म्हणजे मला घरात बोलता येईल. आमच्याकडे बोअरचं पाणी खारं आहे, ते पिलं तर मीठ मिळतंच ना? सासऱ्यांना बीपी आणि शुगर आहे, त्यांना मीठ-साखरेचं पाणी चालतं का? आणि नणंदेची मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत चंद्रपूरकडून येते, तिला सिकलसेल आहे. तिला काय जपावं?

उत्तर:

ताई, तुमची लेक बरोबर बोलते आहे. पुढचं तिला सांगता आलं नाही यात तिचा दोष नाही. पुस्तकात ही गोष्ट दोन ओळींत उरकलेली असते, आणि तीच गोष्ट मागच्या उन्हाळ्यात तिच्या बाबांच्या पिंडऱ्यांत घडली हे तिला कुणी जोडून दाखवलेलं नसतं.

आधी तुमच्या मालकांबद्दल. पत्रावरून निदान करता येत नाही, आणि बोलणं ताळ्यावर नसणं हे उष्माघाताचंही लक्षण असतं, त्याबद्दल पुढे लिहिते. पण भरपूर पाणी, भरपूर घाम, मग गोळे, डोकेदुखी आणि उलटी हा क्रम वाचला की माझा पहिला संशय पाण्याच्या कमतरतेवर जात नाही, मिठाच्या कमतरतेवर जातो. एक लिटर घामासोबत साधारण १ ते ४ ग्रॅम मीठ अंगाबाहेर जातं. आपल्याकडच्या मे महिन्यात कष्टाचं काम करणाऱ्याला तासाला लिटरभर घाम सहज येतो. सात तासांचा हिशेब तुम्हीच करा. एवढं मीठ गेलं आणि त्याच्या जागी नुसतं पाणी भरत राहिलं, तर रक्तातलं सोडियम उतरतं. सोडियम हा मिठातलाच एक घटक. रक्तात तो दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं माप) एवढ्याच अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. तो बराच खाली गेला की शरीरातल्या पेशी पाणी ओढून घेऊन फुगायला लागतात. स्नायूंत गोळे येतात. मेंदूच्या पेशीही फुगतात, पण कवटीच्या आत त्यांना फुगायला जागा नसते. म्हणून डोकं दुखतं, उलटी होते, माणूस भलतंसलतं बोलतो आणि फार झालं तर झटके येतात.

आता प्रश्न असा की पाणी पेशीत शिरलं, मग मीठ का नाही शिरलं? इथेच तुमच्या लेकीचं पटल येतं.

आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाच्या रेणूंचा दुहेरी थर असतो, तेच पटल. जाडी साधारण ७ ते ८ नॅनोमीटर, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीत असे बारा हजारांहून जास्त थर मावतील. हा थर तेलकट असल्यामुळे प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड त्यातून सहज आरपार जातात. मिठाचं तसं नाही. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे विद्युतभार असलेले कण होतात आणि हे कण तेलकट थरात शिरू शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांच्या ठरावीक वाहिन्या आणि वाहक असतात, आणि कोणती वाहिनी कधी उघडायची हे पेशी ठरवते. पाण्यासाठीही वेगळ्या वाहिन्या आहेत, त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात. अमेरिकेतले पीटर ॲग्रे यांनी १९९२ च्या सुमारास त्या ओळखल्या आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पाणी त्यातून भराभर जातं, आणि नेहमी जिकडे विरघळलेले क्षार जास्त तिकडे जातं. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्यात पाणी सुटतं, ते याच कारणानं.

पेशीच्या आत आणि बाहेर क्षारांची वाटणी अगदी उलट आहे. बाहेर, म्हणजे रक्तात, सोडियम त्याच मापात १४० च्या आसपास, तर पेशीच्या आत जेमतेम १० ते १५. पोटॅशियमचं नेमकं उलटं : आत १४० च्या आसपास आणि रक्तात फक्त साडेतीन ते पाच. हा फरक आपोआप टिकत नाही, कारण दोन्ही क्षार थोडे थोडे झिरपत असतात. तो टिकवतो पटलात बसलेला सोडियम-पोटॅशियम पंप. एका फेरीत तो सोडियमचे ३ कण बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ कण आत घेतो, आणि प्रत्येक फेरीला ऊर्जा खर्च करतो. डेन्मार्कचे येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या पायातल्या मज्जातंतूंवर काम करताना तो शोधला, त्यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं. आपण खाटेवर नुसते पडून असलो तरी शरीराच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा हे पंप चालू ठेवण्यातच जातो. ते बंद पडले तर सोडियम आत साचतं, त्याच्यामागे पाणी येतं आणि पेशी फुगून फुटते. हृदयाचा ठोका, स्नायूचं आखडणं आणि सैल होणं, मेंदूतला प्रत्येक संदेश या सोडियम-पोटॅशियमच्या फरकावर चालतो. म्हणूनच मिठाचा हिशेब बिघडला की पहिली तक्रार स्नायू आणि मेंदू करतात.

लेकीच्या पुस्तकातली समस्थिती ती हीच. बाहेर ४५ अंशांचं ऊन असो की पौषातली थंडी, पेशीच्या आतलं पाणी, क्षार आणि साखर फार हलू द्यायची नाही. त्यासाठी शरीर ज्या युक्त्या करतं त्या जवळजवळ सगळ्या कुठल्या ना कुठल्या पेशीच्या पटलावर घडतात. तहानेचंच घ्या. मेंदूच्या तळाशी काही खास पेशी आहेत. रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी घट्ट झालं तरी त्यांच्यातलं पाणी बाहेर जातं, त्या आक्रसतात, आणि त्या आक्रसण्यावरूनच मेंदूला कळतं की पाणी कमी पडलं. तहान लागते. त्याच वेळी एक संप्रेरक रक्तात सुटतं आणि मूत्रपिंडातल्या पेशींना निरोप देतं. त्या पेशी आपल्या पटलात जास्तीच्या ॲक्वापोरिन वाहिन्या बसवतात आणि लघवीतून जाणारं पाणी परत ओढून घेतात. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं असं परत घेतात. दुपारी वावरातून आल्यावर लघवी थोडी आणि गडद पिवळी होते ती यामुळे.

घामाचंही शरीर शिकतं, आणि हे आपल्या शेतकऱ्यांनी जरूर लक्षात घ्यावं. उन्हात रोज काम सुरू केलं की आठवड्या-दोन आठवड्यांत घामाच्या ग्रंथी त्यातलं सोडियम परत शोषायला लागतात, घाम जास्त येतो पण कमी खारट येतो. गोळे आणि उष्माघात यांचे बळी जास्त करून उन्हाळ्याच्या पहिल्या कामात पडतात, कारण शरीराला हा वेळच मिळालेला नसतो. यंदा वावरात उतरायचं असेल तर पहिले चार-पाच दिवस अर्धाच वेळ काम करायला लावा. माणूस ऐकणार नाही, मला ठाऊक आहे. तरी सांगा.

आता सलाईन आणि मीठ-साखरेचं पाणी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या गावांमध्ये सलाईनच्या बाटलीवर जो भरवसा बसला आहे त्याने गरिबांचा पैसा जातो आणि कधी कधी जीवही धोक्यात येतो.

जुलाबात किंवा घामात गेलेलं पाणी परत रक्तात यायला लहान आतड्याच्या पेशींची पटलं ओलांडावी लागतात. नुसतं मिठाचं पाणी दिलं तर ते हळू शोषलं जातं. पण त्यात थोडी साखर असली की काम झपाट्यानं होतं. त्या पटलावर एक वाहक प्रथिन आहे, ते सोडियमचे २ कण आणि ग्लुकोजचा १ कण असे मिळूनच आत घेतं. दोन्ही गेले की त्यांच्यामागे पाणी जातं. या ओढीला जोर कुठून येतो? पेशीच्या मागच्या बाजूला आपला तोच सोडियम पंप सतत सोडियम उपसत असतो. विहिरीवरची मोटर वीज खाऊन पाणी टाकीत चढवते आणि मग टाकीच्या जोरावर ठिबक विजेशिवाय चालतं, तसं हे आहे. पंपानं ऊर्जा खर्चून आतलं सोडियम कमी ठेवलं, म्हणून बाहेरचं सोडियम आपसूक आत धावतं आणि जाताना साखरेलाही घेऊन जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानं ही जोडी १९६० मध्ये प्रागच्या एका परिषदेत मांडली होती.

हगवणीत हीच गोष्ट जीव वाचवते. पटकीसारख्या (म्हणजे कॉलरासारख्या) आजारात जंतूंचं विष आतड्याच्या पेशींमधल्या क्लोराइडच्या वाहिन्या उघड्या ठेवतं, क्लोराइड आतड्यात ओतलं जातं आणि त्याच्यामागे पाणी. पण सोडियम-ग्लुकोजचा वाहक त्या विषानं बंद पडत नाही. जुलाब चालू असतानाही त्या मार्गानं पाणी आत घेता येतं.

आणि “हे लेकरांचं औषध” म्हणणाऱ्या तुमच्या मालकांना १९७१ सालची हकीगत सांगा. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती वाटायला दिलं. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. त्यांत मोठी, घरसंसाराची माणसंही होती आणि आजार पटकीचा होता, तुमच्या सासूबाईंच्या हगवणीपेक्षा कितीतरी भारी. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं लिहिलं की आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं शोषले जातात हा शोध बहुधा या शतकातली सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती आहे. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. माझ्या मते त्यांचं नाव प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर असायला हवं.

सलाईनमध्ये काय असतं ते सांगते. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी. बस्स. जीवनसत्त्व नाही, ताकद नाही. ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, तिच्यापेक्षा ज्वारीच्या एका भाकरीत जास्त बळ आहे. सलाईनमधलं मीठ ०.९ टक्केच का, तर त्या प्रमाणात तांबड्या पेशींच्या पटलातून पाणी ना आत जातं ना बाहेर. साधं पाणी थेट शिरेत गेलं तर तांबड्या पेशी फुगून फुटतील. तुमच्या मालकांना सलाईननं बरं वाटलं ते खरं आहे, कारण त्यांना हवं असलेलं मीठ त्यात होतं. पण उलटी होण्याआधी, गोळे सुरू होताच तेच मीठ साखरेसोबत पोटातून दिलं असतं तर बहुधा सुईची गरजच पडली नसती. शिरेतून दिलेलं पाणी आतड्याच्या पटलाची राखण ओलांडून सरळ रक्तात जातं. म्हणून चुकीची बाटली किंवा चुकीचं प्रमाण जास्त नुकसान करतं. रक्तातलं सोडियम आधीच उतरलेलं असताना नुसत्या ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूची सूज वाढू शकते. हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या फुप्फुसात पाणी साचू शकतं.

सलाईन लागतंच अशी वेळही असते, आणि तिथे हट्टानं घरी थांबू नका. माणूस शुद्धीवर नाही किंवा गुंगीत आहे, पाजलेलं सगळं उलटून पडतं आहे, सहा-आठ तास लघवीच नाही, हातपाय गार आणि नाडी कमजोर, लेकरू मलूल होऊन दूध-पाणी घेईना, जुलाबात रक्त आहे, झटके आले, यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन करा.

घरी करायचं पाणी असं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचा लहान चमचा सपाट भरून सहा चमचे साखर आणि त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ. उंच रास नको. मीठ जास्त झालं तर धोका, साखर जास्त झाली तरी धोका, कारण आतड्यात साखर साचली की ती पेशींतलं पाणी उलट बाहेर ओढते आणि जुलाब वाढतात. त्यापेक्षा आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळणारं ओआरएसचं पाकीट बरं, त्यात पोटॅशियमही असतं. पाकिटावर वाचा, ते एक लिटरचं आहे की २०० मिलिलिटरचं. एक लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवून देणं ही चूक फार होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात एका लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं, पाकिटावर हे आकडे जुळवून बघा. गोड चवीच्या, ओआरएस असं नाव मिरवणाऱ्या खोक्यांतल्या पेयांच्या नादी लागू नका. त्यांत साखर कितीतरी जास्त असायची, म्हणून ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांना हे नाव लावायला मनाई केली. कालवलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्या. दर जुलाबानंतर मोठ्या माणसाला निदान पेलाभर, दोन वर्षांखालच्या लेकराला त्याच्या निम्म्याहून कमी, वाटी-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा एकेक घोट. जेवण बंद करू नका. लेकराला जुलाब असतील तर झिंकच्या गोळ्या १४ दिवस, त्याही आशाताई देतात.

रोजच्या उन्हातल्या कामाला मात्र ओआरएसची गरज नाही, हेही तितकंच सांगते. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी, पण तासाला दीड लिटरच्या वर नको. आणि सोबत खाणं : मीठ घातलेलं ताक, ज्वारीची आंबील, कैरीचं पन्हं, मीठ-साखर घातलेलं निंबूपाणी, चटणी-भाकर. आपल्या आज्यांचा उन्हाळी शिदोरीचा हिशेब पेशींच्या दृष्टीनं चोख होता. बिघडला तो काय, तर प्लास्टिकची कॅन नेली आणि शिदोरी घरी ठेवली. खिशातल्या कांद्यानं अंग गार होत नाही. तो भाकरीसोबत खावा.

तुमचं बोअरचं पाणी यासाठी चालणार नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात मीठ असतं हे खरं, पण ते किती ते बोअरगणिक आणि महिन्यागणिक बदलतं, शिवाय सोबत इतर क्षार असतात. मॅग्नेशियम आणि सल्फेट जास्त झाले तर ते आतड्यात पाणी धरून ठेवतात आणि स्वतःच जुलाब लावतात. साखर तर त्यात नसतेच, म्हणजे आतड्यातली ती जोडी जुळत नाही. अशा पाण्यात पाकीट कालवलं तर मिठाचं प्रमाणही चुकतं. ओआरएससाठी नळाचं गोडं पाणीच घ्या.

सासऱ्यांचं जरा वेगळं आहे. त्यांना हगवण किंवा उलट्या लागल्या तर ओआरएस द्या. त्यातली साखर थोडी असते आणि ती पाणी आत नेण्यासाठीच असते, शुगर आहे म्हणून ते नाकारणं जास्त धोक्याचं. फक्त त्या दिवसांत साखर तपासत राहा. एरवी नुसतं ऊन आहे म्हणून त्यांना रोज मीठ-साखरेचं पाणी देऊ नका, बीपी चढेल. त्यांच्या गोळ्यांची नावं वाचा. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर ती मूत्रपिंडाच्या पेशींवरच्या सोडियम वाहकाला अडवते. शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल तर ती मूत्रपिंडातल्या सोडियम-ग्लुकोज वाहकाला अडवते, आतड्यातल्या वाहकाच्याच कुळातला तो. दोन्हींमुळे लघवीतून पाणी जास्त जातं. जुलाब-उलट्यांच्या दिवसांत या गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या हे त्यांच्या डॉक्टरांना आत्ताच, बरे असताना, विचारून ठेवा, स्वतःच्या मनानं बंद करू नका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नारळपाणी आणि ओआरएसमधलं पोटॅशियमही विचारूनच. आणि वयानं तहानेची जाणीव मंद होते, तेव्हा त्यांनी मागायची वाट न बघता दिवसातून ठरल्या वेळी पाणी हातात द्या.

उष्माघात ही सगळ्यांत वेगळी गोष्ट. अंग चटका बसावा इतकं तापलेलं आणि माणूस बरळतो किंवा पडतो, तर पाणी पाजत बसू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा, सगळ्या अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ बोलवा. शुद्ध नसेल तर तोंडात थेंबही नको. शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलं की पेशींची पटलंच कमकुवत होतात, स्नायूंच्या पेशींतलं पोटॅशियम रक्तात सांडतं आणि हृदयाचा ठोका चुकू शकतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अंग थंड करण्यात गेलेला प्रत्येक मिनिट इथे सलाईनपेक्षा जास्त मोलाचा असतो.

मालकांना पटवायचं काम लेकीवर सोपवा. एका बटाट्याच्या सारख्या जाडीच्या चकत्या करायच्या, काही साध्या पाण्यात, काही चांगल्या खारट पाण्यात, दोन-तीन तास. साध्या पाण्यातल्या कडक होतात, खारट पाण्यातल्या लिबलिबीत पडतात. बाबांच्या हातात दोन्ही चकत्या द्यायच्या आणि मग मागच्या मे महिन्यातलं बोलायचं. मुलीनं दाखवलेलं बाप सहसा मोडत नाही.

राहिली तुमची भाची. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनवतं आणि पेशी विळ्याच्या आकाराची होते. दरवेळी आकार बदलताना तिचं पटल दुखावतं, त्यातल्या वाहिन्यांतून पोटॅशियम निसटतं आणि त्याच्यामागे पाणी. पेशी सुकते, आतलं हिमोग्लोबिन आणखी दाट होतं आणि आणखी लवकर चिकटतं. हे चक्र सुरू झालं की रक्तवाहिन्या अडतात आणि हाडं, सांधे, पोट असह्य दुखायला लागतं. त्यात अशा मुलांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करून पाणी वाचवणं नीट जमत नाही, म्हणजे इतर मुलांपेक्षा त्यांचं पाणी जास्त वाया जातं, रात्रीसुद्धा. म्हणून तिला तहान लागायची वाट बघू नका. सकाळपासून थोडं थोडं पाणी, ताक, पन्हं चालू ठेवा, उशाशी तांब्या ठेवा, लघवीला रात्री उठली म्हणून रागावू नका. दुपारी अकरा ते चार बाहेर खेळणं नको आणि विहिरीच्या गार पाण्यात एकदम उडी तर मुळीच नको, अंग अचानक गार पडलं तरी दुखणं उठतं. जुलाब लागले तर पहिल्या जुलाबापासून ओआरएस. ती येईल तेव्हा तिच्या आईकडून तिचं सिकलसेलचं कार्ड, हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या पुरेशा गोळ्या मागून घ्या, सुट्टीतही एक दिवस चुकवू नका. आणि ताप आला, श्वास लागला, छातीत दुखलं किंवा पोटाची डावी बाजू फुगली तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, त्याच वेळी दर्यापूरचं किंवा अमरावतीचं सरकारी रुग्णालय गाठायचं आणि दारातच सांगायचं की मुलीला सिकलसेल आहे.